वरसईहून काशी, काशीहून वरसई

लांबच्या वाटा पायी तुडवणे हा आता जगभर छंद झाला आहे. अमेरिकेत अ‍ॅपलेशियन डोंगरांमधून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. पाठीवर बोजा घेऊन ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जाणारे लोक दरवर्षी निघतात. पाच-सहा महिने चालतात. त्यातले अगदी मोजके वीर दुसरे टोक गाठल्यावर तिथेच पाठ फिरवतात आणि आल्या वाटेने पुन्हा पहिल्या टोकाला येतात. त्यांचे मोठे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे.

आपल्याला मात्र जाऊन-येऊन चालण्याचे नवल वाटायचे कारण नाही. वारकऱ्यांच्या पालख्या पंढरपूरला पोचतात, तशा त्या पायीच परतही येतात. आपल्या जिल्ह्यात जालना रस्त्यावर शेंद्रा आहे. आज हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. पण चैत्रात तिथे मांगीरबाबाची यात्रा भरते, दूरदूरची माणसे लोटतात आणि एरवी ट्रकांनी भरलेल्या त्या भागाला काही दिवस पायांची वर्दळ आठवते. रस्ता मोटारीसाठी असतो, ही समजूत फार जुनी नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी रस्ता म्हणजे पायच होते. राजा पालखीत, शिपाई घोड्यावर आणि बाकी सगळा मुलूख पायी!

अशाच एका पायी चाललेल्या माणसाची ही गोष्ट. तो राजा नव्हता, शिपाई नव्हता आणि साधुसंतही नव्हता. कोकणातल्या एका लहान गावातला, कर्जाने गांजलेल्या घरातला गरीब भिक्षुक होता. पैसे मिळवायला म्हणून तो घराबाहेर पडला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या वणव्यातून चालत गेला. पुढे काशीला पोचला आणि तिथून खांद्यावर गंगेची कावड घेऊन पुन्हा आपल्या अंगणात येऊन उभा राहिला. विष्णुभट गोडसे हे त्यांचे नाव. ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे मराठी वाचक त्यांना ओळखतो. पण बहुतेकांना आठवते ती त्यांनी पाहिलेली झाशी. झाशीनंतरही ते चालत राहिले आणि घरी परत आले, याकडे आपले लक्ष कमी जाते. खरे तर त्यांचे मोठेपण त्या उरलेल्या वाटेत आहे.

कर्ज आणि यज्ञ

वरसई हे पेण तालुक्यातले गाव. आजच्या रायगड जिल्ह्यातले, तेव्हाच्या कुलाब्यातले. विष्णुभटांचा जन्म १८२७ च्या सुमाराचा. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम नऊ-दहा वर्षे झाली होती. ज्या व्यवस्थेवर कोकणातली भिक्षुक घराणी जगत होती, ती व्यवस्था त्यांच्या जन्माआधीच मोडून पडली होती. पेशव्यांच्या काळात श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई आणि तिच्यासाठी दूरदूरचे विद्वान जमत. १८१८ नंतर ते दिवस संपले. वेद पाठ असलेला मुलगा घरात आहे, पण त्याच्या विद्येला गिऱ्हाईक नाही, अशी अनेक घरांची अवस्था झाली.

गोडशांच्या घरातही तेच. त्यात लग्नकार्ये झाली आणि डोक्यावर कर्ज बसले. शेतीभाती म्हणावी तशी नाही, यजमानांकडून येणारे तुटपुंजे. कोकणातल्या अशा घरांतल्या कर्त्या मुलाने काय करायचे, याचे उत्तर पुढच्या पिढीला मुंबईच्या गिरणीत आणि कचेरीत सापडले. विष्णुभटांच्या पिढीला ते उत्तर उत्तरेत दिसे. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास, झाशी या ठिकाणी अजून मराठी घराण्यांच्या गाद्या किंवा त्यांची माणसे होती. तिथे दानधर्म चाले, अनुष्ठाने होत, मराठी बोलणाऱ्या वैदिकाला मान मिळे.

अशात बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत. बायजाबाई म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी आणि दौलतराव शिंद्यांची पत्नी. दौलतरावांच्या मागे त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार काही वर्षे स्वतः पाहिला होता. काशीच्या ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडप त्यांनीच बांधला. अशा बाईंचा यज्ञ म्हणजे लाखोंचा खर्च आणि ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा! विष्णुभटांनी जायचे ठरवले. घरच्यांचे मन काही लगेच तयार झाले नाही. उत्तर हिंदुस्थान लांबचा, तिथल्या चालीरीती निराळ्या, आणि गेलेला मुलगा परत येईल याची खात्री कोण देणार? शेवटी रामभट नावाचे काका बरोबर निघाले आणि परवानगी मिळाली. १८५७ च्या फाल्गुनात, म्हणजे इंग्रजी मार्च महिन्यात, काका-पुतणे वरसईहून बाहेर पडले.

तो महिना लक्षात ठेवण्यासारखा आहे. मेरठची छावणी पेटायला अजून दोन महिने होते.

पायाखालची वाट

त्या काळी हा प्रवास कसा होत असेल? मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली होती, पण बोरघाटातून गाडी थेट पुण्याला जायला १८६३ साल उजाडावे लागले. मुंबईहून अलाहाबादेकडे जाणारा लोहमार्ग १८७० साली जोडला गेला. म्हणजे विष्णुभटांच्या पायाखाली होती ती बैलगाड्यांची, व्यापाऱ्यांच्या तांड्यांची आणि यात्रेकरूंची जुनी वाट. पुणे, नगर, मग खानदेशातून धुळे, पुढे सातपुडा ओलांडून माळवा, असा तिचा क्रम.

अशा वाटेवर एकट्याने चालायचे नसते. सोबत गाठायची, चार ओळखीची-अनोळखी माणसे जमली की निघायचे. पहाटे चालायला लागायचे, ऊन तापले की नदीकाठी थांबायचे, स्नानसंध्या उरकून चूल मांडायची. शिधा मिळाला तर ठीक, नाहीतर गाठीचे पैसे मोडायचे. रात्री देऊळ, धर्मशाळा किंवा एखाद्या ओळखीच्या घरची ओसरी. अहल्याबाई होळकरांनी बांधलेल्या धर्मशाळा आणि घाट या वाटांवर किती उपयोगी पडत असतील, याचा अंदाज असा पायी चालणाऱ्याच्या नजरेने पाहिल्यावरच येतो. जवळचे नाणे कमरेच्या कशात असे. सावकाराची हुंडी हा दुसरा मार्ग, पण तो थोडी तरी पत असलेल्या माणसाचा.

वाटेत खरा आधार होता तो मात्र माणसांचा. कोकणातून, देशावरून उत्तरेत जाऊन वसलेल्या घरांची एक साखळीच होती. झाशीचे नेवाळकर रत्नागिरीकडचे. ग्वाल्हेरात, इंदुरात तर मराठी वाडेच्या वाडे. कोणाचा भाऊ तिथे कारकून, कोणाचा मेहुणा मंदिरात पुजारी. नाव-गाव-गोत्र सांगितले, की पाटावर जागा मिळे. आज लांबची पायवाट चालणारा खिशात नकाशा ठेवतो. विष्णुभटांना अशी नाती आणि ओळखीच वाट दाखवत होत्या.

छावण्यांमधली कुजबूज

सातपुडा उतरून काका-पुतणे महूच्या जवळ आले. तिथे मुक्कामात त्यांची गाठ कंपनी सरकारच्या काही शिपायांशी पडली. शिपायांनी त्यांना काडतुसांची गोष्ट सांगितली, सरकारने धर्म बुडवण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमे काढली आहेत अशी वदंता सांगितली, आणि थोड्याच दिवसांत सगळे पेटणार आहे, हेही सांगितले. भिक्षुक माणसाच्या अंगावर काटा उभा राहावा, अशीच ती बातमी होती. परत फिरावे, की पुढे जावे? मागे कर्ज होते. ते पुढे गेले.

याच दिवसांत आपल्याकडे काय चालले होते, हे पाहिले तर त्या कुजबुजीचा आवाका कळतो. औरंगाबादच्या छावणीत निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ होते. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी कुणकुण त्या स्वारांना लागली आणि जून १८५७ मध्ये ते बिथरले. पुण्याहून जनरल वुडबर्नच्या हाताखाली एक फौज महूकडे निघाली होती. तिला वाट बदलून औरंगाबादला यावे लागले. बंड मोडले, कित्येकांना देहान्त शासन झाले. आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या क्रांती चौकातला काळा चबुतरा हा त्या दिवसांची आठवण म्हणून सांगितला जातो. तिकडे जालन्यालाही छावणी होती. शेंद्रा या दोन छावण्यांच्या मधल्या पट्ट्यातले. तेव्हाच्या शेंद्र्यातल्या शेतकऱ्याच्या कानांवरही त्या जूनमध्ये काही ना काही आले असलेच पाहिजे.

वुडबर्नची फौज औरंगाबादला अडकून पडली आणि १ जुलैला महू पेटले. इंदुरातही त्याच दिवशी रेसिडेन्सीवर हल्ला झाला. ज्या फौजेने महू सांभाळायचे, ती आपल्या शहरात थांबली होती, आणि ज्या भागात आगडोंब उसळला तिथे दक्षिणेच्या आशेने आलेले दोन कोकणी भिक्षुक भटकत होते. इतिहासाचे धागे असे कुठून कुठे जातात!

काका-पुतण्यांनी उज्जैन पाहिली. धारचे राजे याच सुमारास वारले होते. त्यांच्यामागे झालेल्या दानधर्मात या दोघांनाही प्राप्ती झाली. घर सोडल्यापासून प्रथमच कमरेला थोडे वजन आले. तिथून ते ग्वाल्हेरला गेले. पण ज्या यज्ञासाठी एवढी पायपीट केली, तो मथुरेचा यज्ञ पाहण्याचा योग काही त्यांच्या नशिबी नव्हता. बंडाच्या धामधुमीत मथुरेकडे जायचे तरी कसे? मग कोणीतरी झाशीचे नाव काढले. लक्ष्मीबाईंनी कारभार हाती घेतला आहे, तिथे विद्वानांचा आदर होतो. पाय झाशीकडे वळले.

झाशीतले दिवस

झाशी १८५४ साली कंपनीने खालसा केली होती. १८५७ च्या जूनमध्ये तिथल्या शिपायांनी बंड केले आणि पुढे जवळजवळ दहा महिने राणीचा अंमल चालला. विष्णुभट त्या काळात झाशीत राहिले. राणीला त्यांनी जवळून पाहिले. तिचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, पूजाअर्चा, दरबारात कधी पुरुषी वेषात तर कधी साध्या पांढऱ्या लुगड्यात येणे, हे सगळे त्यांनी नोंदले आहे. पोवाड्यातली राणी नेहमी तलवार उपसून उभी असते. विष्णुभटांची राणी सकाळी उठते, नित्यकर्म करते, कामकाज ऐकते, रागावते, हसते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू थाटात करते. शत्रू चाल करून येत असताना राणीच्या वाड्यात आरास मांडली जात होती आणि गावातल्या बायका नटूनथटून येत होत्या. असा तपशील एखाद्या घरच्या माणसालाच सुचतो, म्हणून तो मनात घर करतो.

मार्च १८५८ च्या तिसऱ्या आठवड्यात सर ह्यू रोजची फौज झाशीपुढे येऊन ठाकली. तोफा सुरू झाल्या. १ एप्रिलला तात्या टोपे मदतीला आले, पण बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रजी फौज तटावर चढून शहरात शिरली. एक-दोन दिवसांतच राणी रात्री किल्ल्यातून निसटली. दत्तक मुलगा तिच्याबरोबर होता.

मागे राहिले ते गाव. त्या गावात पुढचे काही दिवस जे घडले, ते आतून पाहून मराठीत लिहिणारा माणूस विष्णुभट हाच. गल्ल्यांतून, घराघरांतून पुरुषांची कत्तल झाली. मग लूट. तिलाही एक क्रम होता. आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, शेवटी धान्यसुद्धा. लुटणाऱ्या पलटणी पाळीपाळीने येत. रोजच्या फौजेत हैदराबाद कंटिंजंटचेही सैनिक होते. एक वर्षापूर्वी ज्या फौजेतल्या काही स्वारांना औरंगाबादेत देहान्त झाला होता, तिच्यातलेच दुसरे सैनिक आता झाशीत इंग्रजांकडून लढत होते.

राणीच्या वाड्यातला ग्रंथसंग्रह मोठा नावाजलेला होता. काशीचे पंडितही तिथल्या पोथ्यांच्या नकला करून नेत. तो संग्रह उधळला गेला, जळाला. गावाच्या संहाराची हकीकत सांगताना विष्णुभट पोथ्यांसाठीही हळहळतात. वैदिकाच्या घरात वाढलेल्या माणसाला एक पोथी हाताने लिहायला किती महिने लागतात, हे ठाऊक होते.

काका-पुतणे एका घरात लपून राहिले आणि वाचले. पण सोजिरांनी त्यांना गाठलेच. धारेपासून जपून ठेवलेली सारी पुंजी त्यांच्या हवाली करावी लागली. पैशासाठी घर सोडले त्याला आता वर्ष उलटून गेले होते आणि दोघांपाशी अंगावरचे वस्त्र काय ते उरले होते.

काल्पीच्या वाटेवरची विहीर

आता कोणताही शहाणा माणूस काय करील? घरची वाट धरील. पण दक्षिणेकडे जाणारे रस्ते फौजांनी भरले होते आणि मराठी बोलणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जात होते. नानासाहेब आणि तात्या टोपे यांचा शोध सुरू होता. काका-पुतणे काल्पीच्या दिशेने निघाले.

त्याच वाटेवर एका पहाटे त्यांना झाशीची राणी पुन्हा दिसली. लढाईत हार होऊन ती काही स्वारांसह काल्पीकडे चालली होती. अंगावर पठाणी वेष, सगळे शरीर धुळीने भरलेले, चेहऱ्यावर थकवा. तहान लागली म्हणून ती विहिरीपाशी थांबली. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर तिने त्यांना अडवले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावे हे तिला पटेना. तिने स्वतः पाणी काढले, मातीच्या भांड्यातून ती प्याली आणि निघून गेली. राज्य गेले होते आणि मरण दोन महिन्यांवरही नव्हते, पण समोरच्या गरीब माणसाचा मान तिने सोडला नाही. दोघेही वाटेवरचे, दोघांचेही सर्वस्व गेलेले. दोन चालत्या माणसांची विहिरीवर व्हावी तशी ती भेट.

२३ मे १८५८ रोजी काल्पी पडली. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लढताना पडली. इकडे पराभूत शिपायांच्या टोळ्या रानोमाळ पांगल्या होत्या आणि वाटसरूंना लुटत होत्या. गोऱ्यांनी एकदा नागवले, आता काळ्यांनी. विष्णुभटांच्या हकिकतीत ही गोष्ट लपवलेली नाही. शिपायांच्या शौर्याला ते मान देतात, त्यांच्या धर्माच्या तक्रारीबद्दल त्यांना सहानुभूती आहे, पण लुटारूला ते लुटारूच म्हणतात. कोणत्याही पक्षाच्या पगारावर नसलेल्या माणसाची ही नजर आहे.

मग काशी

इथून पुढची वाट लोकांच्या आठवणीत कमी असते. दोनदा नागवला गेलेला, यज्ञाला मुकलेला, मरणाच्या दाढेतून सुटलेला हा माणूस घरी न जाता उत्तरेकडेच चालत राहिला. चित्रकूट झाले, ब्रह्मावर्त झाले. जिथे दुसरे बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि जिथून नानासाहेब बंडात उतरले, ते ब्रह्मावर्त आता उद्ध्वस्त झाले होते. लखनौ, अयोध्या ही नावेही त्या वाटेवर येतात. अखेर काशी.

का गेले असतील ते? पैशाचा विचार केला, तर जाण्यात काही अर्थ नव्हता. पण घर सोडताना कर्जाबरोबर आणखी एक गोष्ट मनात होती. आई-वडिलांना गंगेचे स्नान घडवायचे. म्हाताऱ्या माणसांना काशीला नेणे त्या काळी कुठल्या गरीब घराला शक्य होते? मग गंगाच घरी आणायची. कर्ज फेडणे दैवाच्या हाती होते, राजांच्या हाती होते, लुटारूंच्या हाती होते. पाणी आणणे मात्र स्वतःच्या खांद्याच्या आणि पायांच्या हाती होते. बाकी सगळे निसटल्यावर जे आपल्या हातात उरते, ते तरी पुरे करावे, असा हा सरळ हिशेब दिसतो.

कावड म्हणजे बांबूची काठी आणि तिच्या दोन टोकांना पाण्याची बंद भांडी. दिसायला सोपी. पण कावडीने चालायची रीत कडक असते. ती जमिनीला टेकवायची नाही, सोवळे सांभाळायचे, रोज पूजा करायची. डोंगर चढताना काठी खांद्यात रुतते, उतरताना भांडी झोके घेतात. रिकाम्या हाताने चालताना दिवसाचा जो टप्पा होतो, तो कावड घेऊन होत नाही. आणि वाट किती? वरसईपासून पुणे, नगर, धुळे, इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, लखनौ, अयोध्या आणि काशी हे सारे आजच्या रस्त्यांनी मोजले, तर एका बाजूचाच प्रवास दोन हजार किलोमीटरच्या घरात जातो. परत येताना सरळ वाट धरली, तरी दीड हजाराच्या आसपास. जाऊन-येऊन साडेतीन हजार! अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध पायवाटेच्या लांबीएवढेच. फरक इतकाच, की त्या पायवाटेवर तोफा लागत नाहीत.

विष्णुभट कावड घेऊन घरी पोचले. तिसरे वर्ष सुरू होते. घरच्यांनी तोवर काय काय कल्पना केल्या असतील! उत्तरेतल्या कत्तलीच्या बातम्या कोकणात येत होत्या, मुलाचा पत्ता नव्हता. आणि एक दिवस खांद्यावर कावड घेतलेला मुलगा दारात. आई-वडिलांना त्या पाण्याने स्नान घातले गेले. गाठीला पैसा म्हणावा असा फारसा उरला नव्हता. ज्या कामासाठी गेले, ते झाले नाही. पण गंगा मात्र अंगणात आली.

कागदावर उतरलेली वाट

त्यानंतर विष्णुभट पुन्हा आपल्या भिक्षुकीत बुडाले. चारचौघांत गोष्टी सांगत असतील, मुले कान देऊन ऐकत असतील. हे सगळे त्यांच्याबरोबरच संपले असते. पण त्यांच्या यजमानांपैकी कल्याणच्या वैद्य घराण्यात चिंतामण विनायक हा बुद्धिमान तरुण निघाला. पुढे महाभारताचे अभ्यासक म्हणून गाजलेले भारताचार्य वैद्य ते हेच. भटजींच्या तोंडच्या हकिकतीचे मोल त्यांनी ओळखले आणि ती लिहून काढायचा आग्रह धरला. १८८३ च्या सुमारास, म्हणजे परतल्यावर तेवीस-चोवीस वर्षांनी, विष्णुभटांनी मोडीत ती लिहून दिली. तोपर्यंत मुंबईहून गंगेपर्यंत आगगाडी जाऊ लागली होती. ज्या वाटेला त्यांनी वर्षे घातली, ती काही दिवसांची झाली होती.

ती हकीकत लगेच छापणे सोपे नव्हते. इंग्रजांचे राज्य होते आणि झाशीतल्या कत्तलीचे वर्णन त्यात होते. वैद्य स्वतः ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीशाच्या पदावर होते. १९०७ साली, बंडाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यांनी भाषेत फेरफार करून आणि काही भाग गाळून ती प्रसिद्ध केली. विष्णुभट तोवर हे जग सोडून गेले होते. छापलेले पुस्तक त्यांनी पाहिले नाही. मूळ मोडी प्रत पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आली, आणि तिच्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली अस्सल संहिता वाचकांपुढे ठेवली. अमृतलाल नागरांनी ती हिंदीत नेली. २०११ नंतरच्या काही वर्षांत तिची इंग्रजी भाषांतरेही झाली. पेण तालुक्यातला एक भटजी अशा रीतीने जगभर पोचला.

इतिहासकार या पुस्तकातल्या चुका दाखवतात, आणि त्या आहेतही. वीस वर्षांनी आठवून लिहिताना तिथी पुढेमागे झाल्या आहेत. ऐकीव गोष्टी पाहिलेल्या गोष्टींत मिसळल्या आहेत. चौऱ्याऐंशी कलमांची वदंता खरी मानून लिहिली आहे. पण बंडाचे बहुतेक कागद जिंकणाऱ्यांच्या दफ्तरातले आहेत. सेनापतींचे खलिते, अधिकाऱ्यांचे अहवाल, मडमांची पत्रे. तटाच्या आतल्या बाजूला, अंधाऱ्या खोलीत श्वास रोखून बसलेल्या माणसाला काय दिसले, हे सांगणारे कागद बोटांवर मोजण्याइतके. त्यात हे एक. आणि वदंता लोकांच्या मनात किती खोल रुजली होती, हेही त्यातूनच कळते.

एक गोष्ट मात्र साऱ्यांच्या आधीची आहे. ही साक्ष आपल्यापर्यंत आली, कारण साक्षीदार परत आला. झाशीत, काल्पीत, वाटेवरच्या रानात असे कितीतरी डोळे मिटले, ज्यांनी हेच पाहिले होते. कितीतरी जण उत्तरेतच राहिले आणि त्यांच्या आठवणी तिथल्या मातीत मुरल्या. जाताना माणसाला गरज ढकलत नेते. पाठीशी कर्ज असते, पुढे आशा असते. येताना यातले काहीच नसते. पाय थकलेले, आशा विझलेली, हात रिकामे. अशा वेळी तेवढीच वाट पुन्हा चालायला घरी कुणीतरी वाट पाहत आहे, एवढेच पुरेसे व्हावे लागते. विष्णुभटांना ते पुरेसे झाले.

धारेची दक्षिणा झाशीत गेली, अंगावरचे रानात गेले. खांद्यावर आणले ते पाणी एका दिवसाच्या स्नानात संपले. मनात घेऊन आले ते मात्र संपले नाही. वीस वर्षांनी ते कागदावर उतरले आणि आज दीडशेहून अधिक वर्षांनीही एखाद्या रविवारी दुपारी कोणी ते उघडून बसतो, तेव्हा काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीत पोहरा पुन्हा एकदा खाली जातो.